सोडून दिला म्हणजे वाचला?

फ्लोरिडातल्या मराठी घरांत थंडीच्या महिन्यांत पाहुण्यांचा राबता असतो. ऑरलँडो पाहून झालं, ‘की वेस्ट’ बेटापर्यंत गाडी पळवून झाली, की कुणीतरी सुचवतं, अर्ध्या दिवसाची बोट घेऊ आणि शार्क पकडायला जाऊ. यंदा अशाच एका सहलीच्या फोटोवरून आमच्या ओळखीच्या मंडळींत बरंच वाजलं. बोटीच्या कडेला पाण्यात आडवा पडलेला हॅमरहेड, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याचा शार्क, त्याच्या पाठीवरचा कोयत्यासारखा उंच पर, आणि वरून वाकून अंगठा दाखवणारा तरुण. एका बाजूने सांगितलं गेलं, हे क्रौर्य आहे, आपल्या संस्कारात बसत नाही. दुसऱ्या बाजूने तितक्याच त्वेषाने उत्तर आलं, की मालवणला गेल्यावर मोरीचं, म्हणजे लहान शार्कचंच, मटण ताट पुसून खाता तेव्हा संस्कार कुठे जातात? आणि आम्ही तर मारलाही नाही, सोडून दिला. यावर पहिल्या बाजूला काही सुचलं नाही आणि वाद तिथेच संपला.

तो तिथे संपायला नको होता. दोन्ही बाजू भलत्याच प्रश्नावर भांडत होत्या. मासा मारणं पाप की पुण्य, या वाटेने गेलं की मासे खाणारा प्रत्येक जण गप्प बसतो आणि न खाणारा प्रत्येक जण न्यायाधीश होतो. माझं म्हणणं असं आहे. शार्क पकडायला बोट बुक करण्यात मुळात काही गैर नाही. ब्लॅकटिप जातीचा शार्क पकडून, नियमात बसतो तेवढा ठेवून, घरी आणून खाणं मला पूर्ण मान्य आहे. पण ग्रेट हॅमरहेड (हॅमरहेडांतली सर्वांत मोठी जात) मुद्दाम गळाला लावायचा, दमवायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, ही सहल विकायलाच बंदी हवी. खाण्यासाठी मारलेल्या एका ब्लॅकटिपपेक्षा ‘सोडून दिलेला’ हॅमरहेड हा समुद्राचा मोठा तोटा आहे, आणि आपण मात्र पहिल्याला हिंसा म्हणतो नि दुसऱ्याला खेळ.

हे बुकिंग किती सोपं असतं ते आधी पाहू. कॅप्टनकडे कोस्ट गार्डचा परवाना असतो, बहुतेक छोट्या बोटींना सहा प्रवाशांची मर्यादा असते. बोटीच्या परवान्यातच गिऱ्हाइकांची मासेमारी धरलेली असते, त्यामुळे पाहुण्याला स्वतःचा वेगळा परवाना काढावा लागत नाही. म्हणजे नियम काय आहेत, कुठली जात कुठली, हे त्याने कधी वाचलेलं असण्याची गरजच नाही. फोनवर साधारण एकच गोष्ट ठरते, खायला मासे हवेत की काहीतरी मोठं हवं. ‘मोठं’ म्हटलं की काय होतं, ते जरा जवळून बघायला हवं.

जिवंत जॅक मासा किंवा बॅराकुडा माशाचा भला मोठा तुकडा पोलादी तारेच्या टोकाला अडकवतात आणि फुग्याच्या आधाराने प्रवाहात सोडतात. मासा लागला की रीळ कर्कश आवाज करत सुटते, गिऱ्हाइकाच्या कमरेला पट्टा बांधला जातो, आणि कॅप्टन बोट माशाच्या मागे नेतो. मोठ्या हॅमरहेडशी ही ओढाताण अर्धा तास, तासभर, कधी त्याहूनही जास्त चालते. आता त्या दुसऱ्या टोकाला काय चाललेलं असतं? ग्रेट हॅमरहेडला श्वास घेण्यासाठी सतत पुढे पोहावं लागतं, कल्ल्यांतून पाणी वाहतं राहिलं तरच त्याला प्राणवायू मिळतो. दोरीने तोंड मागे खेचलेलं असताना तो पुढे पोहू शकत नाही, आणि त्याच वेळी अंगातली सगळी ताकद लावून झुंजत असतो. रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे अतिश्रमाने साठणारं द्रव्य, चढत जातं. शेवटी तो बोटीशेजारी येतो, तार हातात धरून त्याला कडेला रोखून धरलं जातं, फोटो होतात, तार कापली जाते. तो शेपूट हलवत खाली जातो, बोटीवर टाळ्या पडतात. पुढचं कुणी पाहत नाही. 2014 साली मायामी विद्यापीठाच्या संशोधकांनी फ्लोरिडाच्या पाण्यातल्या पाच जातींच्या शार्कची नेमकी या बाबतीत तुलना केली. टायगर शार्क ही ओढाताण बऱ्यापैकी सोसतात. हॅमरहेडची अवस्था सगळ्यांत वाईट होती, आणि सोडल्यानंतर मरण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. जो शार्क पोहत गेलेला दिसला तोच काही तासांनी तळाशी मेलेला असू शकतो. पाहुणा तोवर हॉटेलवर पोहोचलेला असतो, आणि आपण एक जीव वाचवला असं त्याला मनापासून वाटत असतं.

ब्लॅकटिपलाही हे लागू आहेच. फ्लोरिडातल्या चार्टर, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या, बोटींवर पकडलेल्या ब्लॅकटिपना उपकरणं लावून केलेला एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. सोडल्यानंतर मेलेल्यांचं प्रमाण सुमारे दहा टक्के निघालं. याचा हिशेब कुणी मांडत नाही म्हणून मांडतो. सकाळपासून दहा ब्लॅकटिप पकडून दहाही सोडणारी बोट सरासरी एक मारतेच, फक्त तो कुणाच्या ताटात जात नाही. राज्याच्या हद्दीत ठेवायला परवानगी आहे माणशी एक शार्क आणि बोटीमागे जास्तीत जास्त दोन. जो माणूस पहिला नीट मिळालेला ब्लॅकटिप ठेवतो, लगेच रक्त काढून बर्फात घालतो (शार्कच्या अंगात युरिया असतो, हयगय केली की अमोनियाचा वास सुटतो, हे कोकणातल्या कुठल्याही मासेवालीला ठाऊक आहे) आणि मग गळ आवरतो, त्याने एक मारला. जो दिवसभर पकडत-सोडत राहतो त्यानेही एक मारला, आणि नऊ जणांना मरणाच्या दारातून परत पाठवलं. यातला पुण्यवान कोण? खाण्याला निदान पोटाची मर्यादा असते. पकड-सोडीला कसलीच मर्यादा नाही, कारण त्यात काही संपतं असं कुणाला वाटतच नाही.

आता विरुद्ध बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते घेऊ. पहिला मुद्दा, शार्क संपवले ते हौशी लोकांनी नाही, मोठ्या व्यापारी मासेमारीने. हे शंभर टक्के खरं आहे. खुल्या समुद्रातले शार्क आणि पाकट 1970 पासून 71 टक्क्यांनी घटले, असा जगभराचा आढावा 2021 साली ‘नेचर’मध्ये आला, आणि त्याचं कारण जाळी आणि मैलोन्‌मैल लांबीच्या गळांच्या दोऱ्या हेच आहे. शार्क पकडणाऱ्या देशांच्या यादीत आपला भारत अगदी वरच्या काही नावांत आहे. त्या आकड्यांपुढे फ्लोरिडातल्या काही बोटी म्हणजे किस झाड की पत्ती, हा युक्तिवाद मला समजतो. पण हॅमरहेडचा प्रश्न एकूण आकड्यांनी सुटत नाही, कोण मरतं त्यावर सुटतो. 2006 च्या मे महिन्यात फ्लोरिडातल्या बोका ग्रांडे इथे गळाला लागलेली ग्रेट हॅमरहेड 1,280 पौंड भरली. त्या जातीचा जागतिक विक्रम झाला. मोट मरीन लॅबोरेटरीच्या शास्त्रज्ञांनी तिचं विच्छेदन केलं तेव्हा तिच्या पोटात 55 पिल्लं निघाली, जन्माला आलेलीच म्हणावी अशी. ही मादी साधारण दोन वर्षांतून एकदा विते. हौशी मासेमारी नेमकी तिलाच शोधते, कारण फोटोत मोठी दिसते ती तीच. व्यापारी जाळ्याला जात नि आकार कळत नाही. गिऱ्हाइकाला मात्र कळतो, आणि तो सर्वांत मोठीच मागतो. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 2019 पासून ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. उरलेल्या थोड्या माद्यांतली एकेक मोजावी लागते तेव्हा ‘आम्ही थोडेच मारतो’ हे उत्तर चालत नाही.

आपल्याकडे हे एकदा होऊन गेलेलं आहे. स्वातंत्र्यानंतरची दोन दशकं परदेशी पाहुण्यांना वाघाची शिकार विकणाऱ्या कंपन्या भारतात जोरात होत्या. मचाण, हाके, गाइड, तंबू, सगळं बुकिंगमध्ये यायचं. 1969 मध्ये दिल्लीत आययूसीएनची सर्वसाधारण सभा भरली, 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, आणि परकीय चलन बुडणार म्हणून ओरड झाली. वाघ घटण्याचं मोठं कारण जंगलतोड आहे, हे तेव्हाही खरं होतं. म्हणून शिकारीचं बुकिंग चालू ठेवायला हवं होतं का? 1972 च्या मोजणीत देशभरात जेमतेम 1,827 वाघ निघाले. मोठं कारण दूर करायला दशकं लागतात, छोटं कारण एका निर्णयाने दूर होतं. मोठ्या कारणाकडे बोट दाखवून छोटं चालू ठेवणं हा युक्तिवाद त्या काळात ऐकला गेला असता, तर आज ताडोबाच्या सफारीला जायला कारणच उरलं नसतं.

दुसरा मुद्दा मला जास्त अडवतो. गळ टाकणारेच पाण्याची राखण करतात, असं चार्टरवाले म्हणतात, आणि त्याला पुरावा आहे. अमेरिकेत रॉड-रीळवरच्या अबकारी करातून 1950 च्या कायद्याने मत्स्यसंवर्धनाला पैसा मिळतो. 1962 पासून चाललेल्या शार्क टॅगिंगच्या सरकारी कार्यक्रमात हौशी मासेमारांनी दोन लाखांहून अधिक शार्कना खुणा लावल्या. निळे शार्क अटलांटिक ओलांडतात हे त्या खुणांमुळे दिसलं. न्यूयॉर्क राज्यातल्या मोंटॉकचा फ्रँक मुंडस, ज्याने 1951 पासून शार्कची शिकार हाच धंदा म्हणून उभा केला, तोही उतारवयात शार्क सोडून देण्याचा आणि सहसा पोटात न अडकणारा गोल गळ वापरण्याचा प्रचार करत होता. आणि याहून बोलकं उदाहरण आपल्या कावेरीचं आहे. भीमेश्वरी, गालिबोरे इथल्या छावण्यांत महसीर मासा पकडून सोडायचा खेळ अनेक वर्षं चालला. संरक्षित क्षेत्रात गळ टाकणं ही शिकारच, असा अर्थ लावून 2010 नंतरच्या काही वर्षांत तो बंद झाला. नदीवर येणारे डोळे कमी झाले, सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना रान मोकळं झालं, असं तिथले जुने गळवाले आजही कळवळून सांगतात. शिवाय कावेरीचा मूळ, कुबड असलेला महसीर नाहीसा होतोय आणि बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर वाढतोय, हे शास्त्रज्ञांना सिद्ध करता आलं ते गालिबोरेच्या छावणीत गळवाल्यांनी ठेवलेल्या नोंदवह्यांवरून.

म्हणूनच सगळी शार्कची मासेमारी बंद करा, असं मी म्हणत नाही. बोटी समुद्रात असाव्यात, कॅप्टनांचे डोळे समुद्रावर असावेत, ब्लॅकटिपना खुणा लागाव्यात. पण महसीरच्या उदाहरणातून हॅमरहेडला सूट मिळत नाही. महसीर पकडून सोडला तर बहुधा जगतो, त्या खेळाचा सगळा नैतिक आधार तोच होता. हॅमरहेडच्या बाबतीत तो आधारच निसटलेला आहे. जे जगत नाही ते सोडून देण्याला संवर्धन म्हणायचं कसं?

तिसरं, शार्क आता उदंड झालेत, गळाला लागलेला मासा वर येईपर्यंत निम्मा खाऊन टाकतात, अशी फ्लोरिडातल्या मासेमारांची तक्रार आहे. ती खोटी नाही. 1993 मध्ये अटलांटिकच्या शार्कसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने नियम आणले, त्याची फळं काही जातींत दिसताहेत, ब्लॅकटिपचा साठा बरा आहे. पण हे नियमांचं यश आहे, आणि ते जातवार आलेलं आहे. ब्लॅकटिप सावरला म्हणून हॅमरहेड सावरला असं होत नाही. तसं मानणं म्हणजे गावात शेळ्या वाढल्या म्हणून गायींचा दुष्काळ संपला असं म्हणणं.

राहिला मोरीच्या मटणाचा टोला. तो मी झटकणार नाही. कोकणातल्या बंदरांवर उतरणारी मोरी पुष्कळदा लहान असते, अजून एकदाही न व्यालेली. कोळी जिला कानमुशी म्हणतात ती हॅमरहेडची पिल्लंही त्यात येतात. हा आपला प्रश्न आहे आणि त्यावर आपण बोललं पाहिजे. पण त्याच किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट घडते. जाळ्यात व्हेल शार्क, कासव किंवा डॉल्फिन आला तर मच्छीमार स्वतःचं जाळं कापून त्याला सोडतो. 2018 च्या अखेरीपासून महाराष्ट्र सरकार त्यासाठी जास्तीत जास्त 25,000 रुपये भरपाई देतं. व्हेल शार्कला तर 2001 पासून कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे. ज्याचं पोट त्या जाळ्यावर आहे, जाळं शिवायला आणि भरपाईचे कागद फिरवायला ज्याचे दिवस मोडतात, तो माणूस संरक्षित प्राण्यासाठी हे करू शकतो. मग सुट्टीवर आलेल्या माणसाला एक फोटो सोडणं जड का जावं? मोरी खाणाऱ्याला बोलायचा अधिकार नाही, असं नाही. समुद्राकडून घेताना कुठे थांबायचं, हे त्या किनाऱ्यावर शिकलेल्या माणसानेच इथे बोललं पाहिजे.

कायदा काय म्हणतो? फ्लोरिडाने 1 जानेवारी 2012 पासून राज्याच्या हद्दीत तिन्ही मोठे हॅमरहेड आणि टायगर शार्क ठेवून घ्यायला बंदी केली. राज्याची हद्द अटलांटिकच्या बाजूला तीन सागरी मैल, मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला नऊ. पकडायला मात्र बंदी नाही. ठेवणं बेकायदा, दमवणं कायदेशीर. 1 जुलै 2019 पासून किनाऱ्यावरून शार्क पकडणाऱ्यांना कडक नियम लागले. त्यांना परवाना हवा, त्याआधी शिकवणी हवी, वाळूवरून रक्ताळ चारा टाकायचा नाही, बंदी असलेला शार्क सोडायला उशीर करायचा नाही. गोल गळ वापरणं, तार कापायचं हत्यार बाळगणं आणि बंदी असलेल्या शार्कचे कल्ले पाण्यातच ठेवणं बोटींनाही सक्तीचं झालं, पण बाकीचा कडकपणा किनाऱ्यापुरताच राहिला. वाळूवर उभा असलेला स्थानिक मासेमार आणि काही शे डॉलर भरून बोटीवर चढलेला पाहुणा, यांच्यात हा फरक कशासाठी? शार्कला तर दोन्हीकडे तेवढाच दम लागतो.

गळाला कोण लागेल हे आमच्या हातात नसतं, असं कॅप्टन म्हणतात. पूर्णपणे नसतं, पण बरंचसं असतं. बोका ग्रांडेच्या खाडीमुखाशी वसंतात टार्पन मासे जमतात, त्यांच्या मागे मोठे हॅमरहेड येतात, हे तिथल्या प्रत्येक कॅप्टनला माहीत आहे. तिथे आख्खा मासा आमिष म्हणून सोडायचा की उथळ पाण्यात मुलेट माशाचा छोटा तुकडा टाकायचा, हे कॅप्टनच ठरवतो. चुकून हॅमरहेड लागलाच, तो उंच पर दिसला, की पहिल्या पाच मिनिटांत तार कापता येते. करवतीसारख्या तोंडाच्या सॉफिश माशाच्या बाबतीत हेच होतं. 2003 पासून तो केंद्राच्या संकटग्रस्त यादीत आहे, त्याच्या मागे लागणंच गुन्हा आहे, आणि म्हणून कुणी ‘सॉफिशची सहल’ विकत नाही. चुकून लागला तर दोरी कापतात. म्हणजे असा नियम लिहिता येतो, पाळता येतो, आणि त्याने कुणाचा धंदा बुडालेला नाही.

धंद्याचा विषय निघालाच आहे तर 1994 ची आठवण द्यायला हवी. त्या वर्षी फ्लोरिडात जनमताने राज्यघटनेतच दुरुस्ती करून किनाऱ्याजवळच्या गुंतवणाऱ्या जाळ्यांवर बंदी आली. त्या मोहिमेत सर्वांत पुढे हौशी मासेमारांच्या संघटना होत्या. पिढ्यान्‌पिढ्या मुलेट धरून जगणाऱ्या घरांना त्यांनी सांगितलं, मासा वाचवायचा असेल तर तुम्हाला बदलावं लागेल. पुष्कळ घरांची जाळी कायमची सुकली. ज्यांनी दुसऱ्याच्या पोटाला हा न्याय लावला, त्यांनी स्वतःच्या हौशीला तो लावायचा नाही, हे मला पटत नाही. आणि इथे तर कुणाचं पोट जात नाही. हॅमरहेड वगळला तरी बोट चालतेच. ब्लॅकटिप आहे, स्नॅपर आहे, आणि किंगफिश आहे, जो आपल्या सुरमईच्याच घराण्यातला. कॅप्टनला दिवसाचे पैसे मिळतात, गिऱ्हाईक खायला मासे घेऊन घरी येतं.

नियम येईपर्यंत बुकिंगचा फोन आपल्याच हातात आहे. फोन करणाऱ्याने विचारावं, या महिन्यात तुम्ही कशाच्या मागे जाता? हॅमरहेड दिसला तर तार लगेच कापाल का? शार्कला पाण्याबाहेर काढता का? एक ब्लॅकटिप ठेवला तर साफ करून द्याल का? चांगला कॅप्टन या प्रश्नांनी नाराज होत नाही, उलट त्याला बोलायला विषय मिळतो. ‘मोठ्ठा मिळवून देतो, काळजी करू नका’ एवढंच उत्तर आलं तर दुसऱ्या बोटीला फोन लावावा. आणि लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर शार्क त्यांना वाढू नये, त्यात पारा साठलेला असतो. त्यांच्यासाठी स्नॅपर आणावा.

राज्याचा मत्स्य व वन्यजीव आयोग नियम बदलताना लोकांची मतं मागवतो, आणि एरवीही लिहिलेलं घेतो. मी त्यांना दोन गोष्टी लिहून पाठवल्या आहेत. 2019 चे किनाऱ्यावरचे नियम चार्टर बोटींना जसेच्या तसे लावा, आणि ग्रेट हॅमरहेडच्या मुद्दाम मागे लागणं, त्याच्या नावाने सहल विकणं, सॉफिशसारखंच बेकायदा करा. फ्लोरिडात घर असलेल्या, इथे कर भरणाऱ्या मराठी माणसांनीही हे लिहावं असं मला वाटतं, आणि ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी त्यांचं लिहावं.